उद्देश्य-विधेयाची चौकट आणि तर्कशास्त्राचा इतिहास

‘शुद्ध बुद्धीची समीक्षा’ या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीस (१७८७) कांटने जी प्रस्तावना जोडली, तीत तर्कशास्त्राविषयीचा त्याचा प्रसिद्ध अभिप्राय आला आहे. ॲरिस्टॉटलनंतर या शास्त्राला एकही पाऊल मागे घ्यावे लागले नाही, तसे एकही पाऊल पुढे टाकता आले नाही. अर्थात ते पूर्णत्वास पोहोचले असले पाहिजे, असा त्याचा आशय. हा अभिप्राय इतिहासकाराचा नव्हता; स्वतःच्या कार्याची पार्श्वभूमी सांगताना एका तत्त्वज्ञाने केलेले ते विधान होते. तथापि पुढे त्याला इतिहासाचे प्रामाण्य लाभले. कार्ल प्रांट्लने १८५५ ते १८७० या काळात पाश्चात्त्य तर्कशास्त्राचा चार खंडांचा इतिहास सिद्ध केला. साधनसामग्रीच्या संग्रहात त्याची बरोबरी क्वचितच कोणी करू शकेल. परंतु कांटचा निर्णय त्याने आरंभीच स्वीकारला असल्यामुळे स्टोइकांच्या व मध्ययुगीनांच्या ग्रंथांत त्याला पुनरुक्ती आणि ऱ्हास यांखेरीज फारसे काही आढळले नाही. ज्याने सर्वांत अधिक वाचले, त्याला सर्वांत कमी दिसले, असे प्रांट्लविषयी म्हणावेसे वाटते.

प्रांट्लचे खंडन यान लुकासिएविचने १९३४-३५ मध्ये केले, आणि ते निर्णायक ठरले. स्टोइकांचे तर्कशास्त्र हे ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राचे निकृष्ट अनुकरण नसून ते मुळातच निराळे शास्त्र आहे. ॲरिस्टॉटलच्या सूत्रांत अक्षरांच्या जागी पदे घालावयाची असतात, तर क्रिसिपसच्या सूत्रांत ‘पहिले’, ‘दुसरे’ या क्रमवाचकांच्या जागी संपूर्ण विधाने घालावयाची असतात, हे त्याने स्पष्ट केले. १९५३ मध्ये बेन्सन मेट्सचा स्टोइक तर्कशास्त्रावरील ग्रंथ, १९५६ मध्ये बोखेन्स्कीचा साधनग्रंथ आणि १९६२ मध्ये विल्यम व मार्था नील यांचा बृहद् इतिहास प्रसिद्ध झाला. या चार नावांनी तर्कशास्त्राचा इतिहास नव्याने उभा केला असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु या नव्या इतिहासलेखनातही जुन्याचाच एक दोष वेगळ्या वेषात राहिला आहे. प्रांट्लने कांटच्या मापाने भूतकाळ मोजला; लुकासिएविचने तो रसेल-व्हाइटहेडच्या मापाने मोजला. ॲरिस्टॉटलच्या संवाक्यावरील त्याच्या ग्रंथात (१९५१) संवाक्य, म्हणजे दोन आधारविधाने व त्यांवरून निघणारा निष्कर्ष यांची जोडणी, ‘जर-तर’ स्वरूपाचे एकच विधान मानली आहे, आणि सर्व संवाक्ये चार स्वयंसिद्ध सूत्रांवरून सिद्ध केली आहेत. ही मांडणी सुंदर आहे; ती ॲरिस्टॉटलची मात्र नव्हे. कोरकोरनने १९७२ मध्ये व स्मायलीने १९७३ मध्ये परस्परांहून स्वतंत्रपणे असे दाखविले की, ॲरिस्टॉटलचे संवाक्य हे विधान नसून अनुमान आहे, आणि त्याची पद्धती स्वयंसिद्धांपासून निघणारी नसून नियमांनी पुढे सरकणारी आहे. गेंट्झेनने १९३४-३५ मध्ये नैसर्गिक निगमनाची पद्धती मांडली नसती, तर कोरकोरन व स्मायली यांना हे दिसले असते काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. प्रत्येक पिढीला भूतकाळात आपलेच तर्कशास्त्र सापडते, असा संशय त्यामुळे बळावतो.

या संशयातून निघण्याचा एक मार्ग भाषाशास्त्राकडून येतो, आणि तोच प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे. एखाद्या तर्कशास्त्रज्ञाने आजच्या कोणत्या सिद्धांताची ‘पूर्वसूचना’ दिली हे विचारण्याऐवजी, त्याच्या भाषेतील वाक्यरचना कोणत्या अनुमानाला अडवीत होती आणि तो अडथळा त्याने कोणत्या युक्तीने दूर केला, हे विचारावे. तर्कशास्त्रातील मोठे शोध बहुतांशी असे आहेत: जे अनुमान लोक करीत होते पण ज्याचा आकार लिहून दाखविता येत नव्हता, तो लिहिता येऊ लागला.

ॲरिस्टॉटलपासूनच पाहू. ‘सर्व मनुष्य मर्त्य आहेत, सॉक्रेटिस मनुष्य आहे’ हे त्याच्या नावावर खपविले जाणारे उदाहरण ‘पूर्व-विश्लेषणा’त नाही, तेथील सूत्रांत व्यक्तिनामाला स्थान नाही, हे लुकासिएविचने ग्रंथारंभीच बजावले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ‘सर्व ब हे अ आहेत’ ही बोलीतील रचना ॲरिस्टॉटल आपल्या सूत्रांत सहसा वापरीत नाही. तो म्हणतो, ‘अ हे सर्व ब-ला लागू आहे’. विधेय आधी, उद्देश्य नंतर. ही ग्रीक भाषा त्याच्या समकालीनांनाही कृत्रिम वाटली असली पाहिजे. मग त्याने ती का पत्करली? ‘सर्व ब हे अ आहेत, सर्व क हे ब आहेत, म्हणून सर्व क हे अ आहेत’ या मांडणीत दोन विधानांना जोडणारे ब हे पद एकदा आरंभी व एकदा शेवटी जाऊन पडते. ‘अ हे सर्व ब-ला, ब हे सर्व क-ला, म्हणून अ हे सर्व क-ला’ या मांडणीत मात्र ब मध्ये उभे राहते आणि अनुमानाची साखळी डोळ्यांना दिसते. मध्यपद हे नाव या मांडणीत अक्षरशः खरे ठरते. अक्षरांचा उपयोग आणि शब्दक्रमाची ही मोडतोड, या दोन्ही गोष्टी मिळून ॲरिस्टॉटलचा शोध होतो. त्याने मान्य केलेल्या तीन आकृतींतील १४ प्रकारांपैकी दोन, ज्यांत दोन्ही आधारविधाने सर्वव्यापी असून निष्कर्ष अंशव्यापी असतो, ते आज मध्यपद रिक्त असण्याच्या शक्यतेमुळे बाद ठरतात, हे खरे; पण तो हिशेब निराळा आहे.

मध्ययुगीन पंडितांनीही हेच केले, फक्त लॅटिनमध्ये. चौदाव्या शतकातील ब्यूरिदाँचे घोड्याचे उदाहरण घ्यावे. ‘मी तुला घोडा देणे लागतो’ असे कबूल करणारा मनुष्य कोणत्या घोड्याविषयी बोलतो? तबेल्यातील कोणताही घोडा दाखवून ‘हा का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येईल. आणि तरीही देणे खोटे नाही. ब्यूरिदाँ शब्दक्रमाने भेद करतो: ‘घोडा’ हे पद क्रियापदाच्या आधी आले तर एखादा विशिष्ट घोडा असला पाहिजे, क्रियापदानंतर आले तर तसे नाही. लॅटिनमध्ये शब्दक्रम बव्हंशी मोकळा असल्यामुळे त्याला असा तर्कशास्त्रीय अर्थ बहाल करता आला. या विद्वानांची लॅटिन ही बोलण्याची भाषा उरली नव्हती. ते हिशेबाचे एक उपकरण झाले होते. प्रबोधनकाळातील मानवतावाद्यांनी त्या लॅटिनची बर्बर म्हणून टवाळी केली, आणि तिच्याबरोबर त्या लॅटिनने साधलेला विचारही अडगळीत गेला.

त्यानंतरच्या काळात जी हानी झाली तिचे श्रेय पोर्ट-रॉयलच्या पंडितांना द्यावे लागते. आर्नो व लांस्लो यांचे व्याकरण १६६० मध्ये आणि आर्नो व निकोल यांचे तर्कशास्त्र १६६२ मध्ये निघाले. प्रत्येक क्रियापद म्हणजे ‘आहे’ अधिक एक धातुसाधित, हे त्यांचे सूत्र. पीटर जगतो, म्हणजे पीटर हा जगणारा आहे. व्याकरण आणि तर्क यांची येथे अशी सोयरीक जुळविली गेली की पुढील दोनशे वर्षे ‘उद्देश्य-संयोजक-विधेय’ ही चौकट विचाराचीच नैसर्गिक घडण मानली गेली. आपल्याकडील तर्कशास्त्राच्या अध्यापनात ही चौकट इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून उतरली. ‘पाऊस पडतो’ याचे ‘पाऊस हा पडणारा आहे’ असे रूपांतर विद्यार्थी निमूटपणे करतो. पण ‘मला थंडी वाजते’ याचे काय करावयाचे? उद्देश्य ‘थंडी’ की ‘मी’? आणि ‘रामाने रावण मारला’ येथे क्रियापद रावणाशी जुळते, रामाशी नाही. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगविचाराला केवढी जागा द्यावी लागली आहे हे पाहिले, म्हणजे मराठी भाषकाला उद्देश्य ही वस्तू निःशंकपणे हाती लागत नाही हे पटते. जी कोटी एका भाषेच्या व्याकरणातही निर्विवाद नाही, ती सर्व मनुष्यजातीच्या विचाराचा पाया कशी ठरावी?

या चौकटीचा खरा पराभव संबंधवाचक विधानांनी केला. घोडा हा प्राणी आहे. म्हणून घोड्याचे डोके हे प्राण्याचे डोके आहे. डी मॉर्गनच्या नावाशी निगडित झालेले हे अनुमान पोराला कळते, पण संवाक्याच्या कोणत्याही प्रकारात बसत नाही. कारण ‘घोड्याचे डोके’ हे विधेय आतून उघडून पाहण्याची सोयच चौकटीत नाही. (हा डी मॉर्गन १८०६ मध्ये मदुराईत जन्मला. त्याचा ‘आकारिक तर्कशास्त्र’ हा ग्रंथ आणि बूलचे पहिले पुस्तक, दोन्ही १८४७ सालची.) बूलने बीजगणिताची चिन्हे तर्काला लावली आणि संवाक्यशास्त्र एका व्यापक गणनशास्त्राचा अंश करून टाकले, परंतु विधान म्हणजे वर्गांचा परस्परसंबंध ही समजूत त्याच्याकडेही कायम आहे. चौकट विस्तारली, मोडली नाही.

दरम्यान गणितात याच अडथळ्याने एक उघड घोटाळा केला होता. सतत फलांची अभिसारी श्रेढी घेतली तर तिची बेरीजही सतत असते, असा सिद्धांत कोशीने १८२१ मध्ये मांडला. १८२६ मध्ये आबेलने त्याला अपवाद दाखविले. आज आपण हा दोष असा सांगतो: ‘प्रत्येक बिंदूसाठी अशी एक पायरी आहे की जिच्यापुढे चूक नगण्य होते’ आणि ‘अशी एक पायरी आहे की जिच्यापुढे प्रत्येक बिंदूवर चूक नगण्य होते’ ही दोन विधाने एक नव्हेत. दुसऱ्यावरून पहिले निघते, पहिल्यावरून दुसरे निघत नाही. ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ यांच्या क्रमातील हा फरक आहे. कोशीची भाषा फ्रेंच होती आणि फ्रेंचने त्याला या ठिकाणी सावध केले नाही. मराठीनेही केले नसते. ‘प्रत्येक विद्यार्थ्याने एक ग्रंथ वाचला’ या वाक्यात ग्रंथ एकच की निरनिराळे, आणि ‘सर्व विद्यार्थी आले नाहीत’ यात काही आले की कोणीच नाही, हे वाक्य स्वतः सांगत नाही. प्रसंग किंवा आवाजाचा चढउतार सांगतो. ‘प्रत्येक’, ‘एक’, ‘नाही’ या शब्दांची सत्ता वाक्यात कोठपर्यंत पोहोचते, याला आपण त्यांची कक्षा म्हणू. ‘व्याप्ती’ हा शब्द अधिक सहज होता, पण तो न्यायशास्त्राने केव्हाच अडवून ठेवला आहे.

कक्षा उघडपणे लिहून दाखविण्याची युक्ती गॉटलोप फ्रेगेने १८७९ मध्ये ‘बेग्रिफ्सश्रिफ्ट’ या लहानशा पुस्तकात प्रसिद्ध केली. या पुस्तकाच्या आरंभीच्या भागात तो उद्देश्य-विधेयाचा भेद तर्काच्या दृष्टीने निरर्थक ठरवितो, आणि त्यासाठी दिलेले कारण भाषाशास्त्रज्ञाचे आहे. प्लॅटीआच्या लढाईत ग्रीकांनी पर्शियनांना हरविले, आणि पर्शियन ग्रीकांकडून हरविले गेले: प्रयोग बदलला, उद्देश्य बदलले, पण दोन्हींवरून निघणारे निष्कर्ष तेच. मग तर्कशास्त्राने उद्देश्याची दखल का घ्यावी? त्याऐवजी त्याने गणितातील फल व चल यांची कल्पना आणली. वाक्यात रिकाम्या जागा कल्पावयाच्या, प्रत्येक जागेला अक्षर द्यावयाचे, आणि ‘प्रत्येक’ हा शब्द नामाला न चिकटविता संपूर्ण वाक्याच्या बाहेर, अक्षराचा निर्देश करून ठेवावयाचा. एकात एक कितीही कक्षा आता लिहिता येतात. घोड्याचे डोके आणि कोशीची पायरी एकाच रीतीने उकलतात.

येथे इतिहासलेखनाचा आणखी एक पूर्वग्रह तपासला पाहिजे. तर्कशास्त्र १८७९ पासूनच मोठे झाले अशा अर्थाचा क्वाइनचा शेरा आणि व्हान हेयेनोर्टचे १९६७ चे संकलन यांमुळे फ्रेगे हा एकमेव जनक ठरला. वस्तुस्थिती अशी की १८८०-८५ च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स पर्स आणि त्याचा विद्यार्थी मिचेल हे फ्रेगेच्या ग्रंथाच्या आधाराविना त्याच शोधापर्यंत पोहोचले. पर्सचा परिपक्व लेख १८८५ चा आहे. फ्रेगेची द्विमितीय, झाडाच्या फांद्यांसारखी पसरणारी लेखनपद्धती कोणीही उचलली नाही. लोवेनहाइमने १९१५ चा आपला सिद्धांत श्रोडरच्या, म्हणजे पर्सच्या परंपरेतील चिन्हांत लिहिला. हिलरी पटनमने १९८२ मध्ये ही बाजू मांडली. अग्रमानाचा वाद येथे वाढविण्याचे प्रयोजन नाही. ॲरिस्टॉटलच्या अक्षरांप्रमाणेच येथेही शोध हा एका लेखनयुक्तीचा आहे, आणि लेखनयुक्तीचे श्रेय ती कोणाच्या हातून प्रचारात आली याचा विचार न करता वाटता येत नाही, एवढेच म्हणावयाचे आहे.

१९०२ मधील रसेलच्या विरोधाभासापासून पुढील कथा बहुतेकांना परिचित आहे. ग्योडेलची पूर्णता (१९३०) व अपूर्णता (१९३१) यांविषयी पाठ्यपुस्तके भरून आहेत. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. एकाच जागेची विधेये, म्हणजे ‘मर्त्य’, ‘मनुष्य’ यांसारखी पदे, एवढ्यापुरतेच तर्कशास्त्र घेतले तर कोणतेही अनुमान युक्त की अयुक्त हे यांत्रिक रीतीने ठरविता येते. हे लोवेनहाइमच्या १९१५ च्याच लेखातून निष्पन्न होते. दोन जागांचा एखादा संबंध आत घेतला की ती शाश्वती संपते. असा सर्वसाधारण यांत्रिक निर्णय अशक्य आहे हे चर्च व ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. म्हणजे जुन्या चौकटीची सीमा आणि निर्णेयतेची सीमा जवळजवळ एकाच ठिकाणी पडते. कांटला तर्कशास्त्र पूर्ण वाटले यात त्याचा भ्रम होताच, पण ज्या शास्त्राकडे पाहून तो बोलत होता ते खरोखरच संपविता येण्यासारखे होते.

आता भारतीय तर्काविषयी. यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांच्या ‘तर्कसंग्रहा’च्या १८९७ च्या मुंबईच्या आवृत्तीपासून आपल्या विद्यापीठांतील विद्यार्थ्याला पंचावयवी वाक्य आणि ग्रीक संवाक्य यांची तुलना परिचित आहे. ती तुलना उपयुक्त होती. पण प्रमाण नेहमी ग्रीकच राहिले. १९५१ मध्ये इंगॉल्सने नव्यन्यायावरील आपल्या ग्रंथात प्रमाण बदलले आणि रसेलच्या तर्कशास्त्राशी तुलना केली. बोखेन्स्कीने त्याच्याच आधारे आपल्या इतिहासात भारतीय तर्काला स्वतंत्र विभाग दिला. माप बदलले, मोजण्याची रीत तीच. नव्यन्यायात चलाक्षरे नाहीत म्हणून तो आकारिक नाही, असा आक्षेप आणि संख्येविषयी रघुनाथ शिरोमणी फ्रेगेजवळ आला अशी प्रशंसा, ही दोन्ही एकाच रीतीची अपत्ये आहेत.

वर सुचविलेला प्रश्न विचारला तर चित्र निराळे दिसते. संस्कृतमध्ये ‘घटो नास्ति’ म्हणताना कोणता घट नाही हे वाक्य सांगत नाही. निळा घट नाही, तांबडा आहे. तेव्हा घट नाही म्हणावे काय? नव्यनैयायिक अभावाला त्याचा प्रतियोगी, आणि प्रतियोगितेला तिचा अवच्छेदक जोडतो. घटत्वाने अवच्छिन्न प्रतियोगितेचा अभाव एक, नीलघटत्वाने अवच्छिन्न प्रतियोगितेचा अभाव दुसरा. नकाराची कक्षा कोठवर, हे येथे ‘त्व’ प्रत्ययाने आणि समासाने काटेकोरपणे बांधले आहे. हा शोध आहे, आणि कोणाचीही पूर्वसूचना म्हणून तो मोठा ठरवावयास नको. गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त व्याप्तीची ‘साध्याच्या अभावाच्या आश्रयात हेतू नसणे’ ही व्याख्या नाकारली, कारण ज्ञेयत्वासारखे साध्य घेतले तर त्याचा अभाव कोठेच नसतो आणि व्याख्या कशाविषयी बोलते हेच कळेनासे होते. रिक्त पदाचा हा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या त्या दोन बाद प्रकारांचा सख्खा शेजारी आहे. मर्यादाही सांगितली पाहिजे. अवच्छेदकांची माळ दोन-तीन पदांनंतर वाचणाऱ्याच्या हातून सुटते; आणि मतिलाल यांच्या १९६८ च्या अभावविषयक ग्रंथानंतरही हे मान्य करावे लागते की, नैयायिकाला अनुमानाचा आकार सत्यापासून वेगळा काढावयाचाच नव्हता. त्याला ज्ञान कसे होते हे सांगावयाचे होते.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक कोडे दिसावे. ‘जेथे जेथे धूर, तेथे तेथे अग्नी’ ही व्याप्ती सांगण्याची जुनी रीत. ‘जो-तो’ ही जोडी म्हणजे भाषेने आयते दिलेले चल आहे, आणि मराठीत ती एकाच वेळी दोन जागा बांधू शकते: ‘ज्या मुलीने जो ग्रंथ मागितला, तिला तो मिळाला.’ लिंगभेदामुळे दोन चलांची गल्लतही होत नाही. हे वाक्य ॲरिस्टॉटलच्या कोणत्याही आकृतीत मावणार नाही. फ्रेगेच्या चिन्हांत ते सरळ उतरते. संस्कृतमध्येही यत्-तत् यांची हीच शक्ती आहे. मग ती हाताशी असताना नव्यनैयायिकाने सर्वनामे टाकून भाववाचक नामांची वाट का धरली? एक कारण असे संभवते की ‘जो-तो’ केवळ ‘प्रत्येक’ बांधते. ‘प्रत्येक मुलीने कोणतातरी ग्रंथ मागितला’ येथे ‘कोणतातरी’ला तिच्यात जागा नाही, आणि अभावाला तर मुळीच नाही; नैयायिकाचा तर सारा व्यापार अभावाशी होता. दुसरे कारण ज्ञानाच्या विषयाचे वर्णन नामानेच करता येते या त्यांच्या ज्ञानमीमांसेत असू शकेल. फ्रित्स स्टालने १९६० मध्ये भारतीय विचारातील भाषा व तर्क यांच्या अन्योन्यसंबंधावर लिहिताना या दिशेला स्पर्श केला होता. पाणिनीने षष्ठी, सप्तमी व पंचमी यांना सूत्रांत ‘च्या जागी’, ‘च्या आधी’ व ‘च्या नंतर’ असे ठराविक पारिभाषिक अर्थ दिले आणि विभक्तीकडून चिन्हाचे काम करून घेतले. नैयायिकांनी तेच काम तद्धिताकडून करून घेतले. सर्वनामाकडून ते कोणीच घेतले नाही. गदाधराच्या ग्रंथांतील यत्-तत् रचनांची पद्धतशीर नोंद करून, त्या कोठे टिकतात आणि कोठे भाववाचकाला जागा देतात, हे तपासणे एखाद्या प्रबंधाला पुरेल एवढे काम आहे.